झाडाला नमस्कार कशासाठी?

(वर्षावास ग्रंथवाचनाच्या सांगता समारंभात विहारात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने मला विषय दिला तो असा : 'प्राचीन तत्त्ववेत्ते आणि निसर्ग'. विषयाचे नाव ऐकल्याबरोबर मागची चार पोरे बाहेर सटकली, ते मी पाहिले. त्यांचे काही चुकले नाही. नाव जडच आहे. म्हणून मी सुरुवात पुस्तकापासून करत नाही, आपल्या अंगणातल्या पिंपळापासून करतो.

मागच्या रविवारी वंदना आटोपल्यावर आपल्यातल्याच एका आजीने मला त्या पिंपळाखाली थांबवले. म्हणाल्या, "गुरुजी, छप्पन साली मी नऊ-दहा वर्षांची होते. माझ्या आईने माझ्यादेखत देव्हारा नेऊन नदीत सोडला. आता माझी सून रोज सकाळी ह्या पिंपळाला पाणी घालते, हात जोडते. आन् पलीकडच्या आळीतली बाई वडाला दोरा गुंडाळते. दोघींत फरक काय, ते तेवढं सांगा." मी म्हणालो, "आजी, रविवारी सांगतो." उत्तर लगेच आले नाही, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही.

त्याच दिवशी समितीत दुसरी चर्चा निघाली. पिंपळाच्या मुळांनी पाराची फरशी उचलली आहे, भिंतीला तडा गेला आहे, सभामंडप वाढवायचा आहे. तरुण मंडळींचे म्हणणे, हे झाड काढू आणि मागच्या बाजूला दुसरे लावू. म्हणजे बघा, एकीला भीती की आपण झाडाचा देव तर करत नाही ना, आणि दुसऱ्यांना झाड म्हणजे अडचण. हे दोन्ही विचार आजचे नाहीत. अडीच हजार वर्षांपूर्वीची माणसेही याच दोन टोकांना उभी होती. भगवान बुद्ध त्या दोघांच्या मध्ये उभे राहून काय बोलले, तेवढेच मी आज सांगणार आहे.

पहिले टोक. निसर्गाची भीती वाटते म्हणून त्याला देव करायचे. नदीला हात जोडायचे, अग्नीत तूप ओतायचे, पशू कापायचे, आणि त्याबदल्यात पाऊस, गुरे, मुलगे मागायचे. सकाळी नदीत बुडी मारली की काल केलेले पाप वाहून गेले! या विचाराला उत्तर कोणी दिले ठाऊक आहे? एका पाणी भरणाऱ्या दासीने. थेरीगाथेत पुण्णिका नावाच्या थेरीची गाथा आहे. भिक्षुणी होण्यापूर्वी ती दासी होती. मालकिणीच्या माराच्या आणि शिव्यांच्या धाकाने ऐन थंडीत तिला पाण्यात उतरावे लागे. तिथे तिला एक ब्राह्मण दिसतो, थंडीने कुडकुडत स्नान करणारा. ती त्याला सरळ विचारते की, मी मालकिणीला भिऊन पाण्यात उतरते, तू कोणाला भितोस? तो म्हणतो, स्नानाने पाप धुतले जाते. त्यावर ती जे बोलली त्याचा मतलब असा : पाण्याने कोणी शुद्ध होत असेल तर बेडूक, कासवे, मगरी आधी स्वर्गात जातील. चोर आणि खाटीकही सुटतील. आणि नदी पाप वाहून नेत असेल तर तुझे पुण्यही घेऊन जाईल, मग तुझ्याकडे राहील काय? ब्राह्मण खजील झाला आणि तिला वस्त्र द्यायला लागला. तिने ते घेतले नाही.

मला ही पुण्णिका फार आवडते. माझ्या आईने दीड मैलावरून डोक्यावर पाणी आणले. ज्या बाईने पाणी वाहिले आहे तिला पाणी म्हणजे काय ते ठाऊक असते. पाणी देव नाही, पाणी म्हणजे पाणी, आणि त्याच्यावाचून जगता येत नाही. एवढे स्वच्छ डोळ्यांनी निसर्गाकडे बघणे म्हणजे तत्त्वज्ञानच आहे. ते दासीच्या तोंडून आले म्हणून त्याची किंमत कमी होत नाही.

धम्मपदातही तथागतांनी हेच सांगितले आहे. भयाने व्याकूळ झालेली माणसे डोंगरांना, वनांना, वृक्षांना शरण जातात, पण ते शरण सुरक्षित नव्हे, तिथे जाऊन दुःख सुटत नाही. आजी, तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथेच आले. झाडाला शरण जायचे नाही.

आता दुसरे टोक. त्यासाठी थोडे ग्रीस देशात जाऊ. तिथे अ‍ॅरिस्टॉटल नावाचा फार मोठा तत्त्ववेत्ता होऊन गेला, इ.स.पू. ३८४ ते ३२२. सिकंदराचा तो गुरू. माणूस विद्वान, यात शंका नाही. मासे, पक्षी, माशा यांचा त्याने इतका बारकाईने अभ्यास केला की प्राणिशास्त्राचे पुस्तक उघडले तर त्याचे नाव येतेच. पण त्याच्या 'पॉलिटिक्स' या ग्रंथाच्या पहिल्याच भागात तो म्हणतो की वनस्पती जनावरांसाठी आहेत आणि जनावरे माणसासाठी. सगळे माणसाच्या उपयोगासाठी घडवलेले आहे. ऐकायला बरे वाटते. परंतु, बंधूंनो, त्याच भागात थोडी पाने आधी तो आणखी एक गोष्ट सांगतो. काही माणसे स्वभावतःच गुलाम असतात, आणि त्यांनी गुलाम असणे त्यांच्याच हिताचे आहे!

या दोन वाक्यांचे एकाच ठिकाणी येणे हा योगायोग आहे असे मला वाटत नाही. एकदा का शिडी उभी केली, की खाली गवत, त्यावर बैल, त्यावर माणूस, तर मग शिडी माणसापाशी थांबत नाही. माणसातही वरची पायरी आणि खालची पायरी होते. आपल्याला हे ग्रीसकडून शिकायची गरज नाही. आपल्या आजोबा-पणजोबांनी ती शिडी अंगावर सोसली आहे. बाबासाहेबांनी तिला उतरंड म्हटले तरी जिना नसलेली, खालच्या मजल्यावरच्याने वर जायची सोय नसलेली म्हटले.

भगवंतांनी ती शिडीच काढून घेतली, आणि काढताना साक्षीला कोणाला बोलावले? झाडाझुडपांना. सुत्तनिपातात वासेट्ठ सुत्त आहे. वासेट्ठ आणि भारद्वाज या दोन ब्राह्मण तरुणांत वाद लागला की माणूस ब्राह्मण ठरतो तो जन्माने की कर्माने. ते दोघे बुद्धाकडे आले. बुद्ध त्यांना म्हणतात, जरा आजूबाजूला बघा. गवताकडे बघा, झाडांकडे बघा. किडे, मुंग्या, चार पायांची लहानमोठी जनावरे, साप, मासे, पाखरे, सगळी बघा. ह्यांच्यात जाती आहेत, त्यांची लक्षणे वेगवेगळी आहेत, कोणालाही दिसतात. आता माणसाकडे या. केस, कान, डोळे, नाक, ओठ, हातपाय, कुठे आहे वेगळे लक्षण? माणसातले भेद हे नुसते नावाचे भेद आहेत. शेत करतो तो शेतकरी, व्यापार करतो तो व्यापारी.

मी शाळेत असताना हे सुत्त कोणी वाचून दाखवले असते तर पुढची कितीतरी वर्षे मान खाली घालायची वेळ आली नसती. असो.

या दोघा तरुणांची गोष्ट इथेच संपत नाही. दीघनिकायातल्या अग्गञ्ञ सुत्तात ते पुन्हा भेटतात. आता ते भिक्षू होण्याच्या तयारीत आहेत आणि त्यांचे जातभाई त्यांना शिव्या देत आहेत की मुखातून जन्मलेले तुम्ही आणि पायातून जन्मलेल्यांत जाऊन बसलात. श्रावस्तीच्या पूर्वारामात भगवान त्यांना एक कथा सांगतात. ती जगाच्या उत्पत्तीची शास्त्रीय हकीगत म्हणून घेऊ नका, दृष्टांत म्हणून घ्या.

फार पूर्वी भात आपोआप पिकत होता. त्याला कोंडा नव्हता, तूस नव्हते. संध्याकाळी जेवणापुरता तोडून आणला की सकाळी तिथे पुन्हा तयार. कोणी पेरत नव्हते, कोणी साठवत नव्हते. मग एका आळशाच्या मनात आले, संध्याकाळी एकदा आणि सकाळी एकदा कशाला जायचे? एकदमच आणू. दुसऱ्याने ते पाहिले, त्याने दोन दिवसांचे आणले. तिसऱ्याने चार, चौथ्याने आठ दिवसांचे. साठवण सुरू झाली आणि भाताला तूस आले, कोंडा आला. तोडलेले परत उगवेना. तेव्हा लोकांनी रडत-भेकत शेते वाटून घेतली, बांध घातले. बांध आला तशी चोरी आली. चोरी आली तसे खोटे बोलणे आले, काठी आली. मग भांडणे सोडवायला लोकांनीच आपल्यातला एक माणूस निवडला आणि त्याला भाताचा हिस्सा देऊ केला. तो पहिला राजा, महासंमत, म्हणजे सगळ्यांच्या संमतीने झालेला. आणि वर्ण? तेही असेच कामावरून पडले. कोणाच्या मुखातून नाही आणि पायातून नाही.

यात मला विशेष काय वाटते, सांगतो. जमीन रागावली आणि तिने भात द्यायचे बंद केले, असे बुद्ध म्हणत नाहीत. कोणी शाप दिला असेही नाही. माणसाचा लोभ एक बोट वाढला की निसर्ग एक बोट मागे सरतो, आणि निसर्ग मागे सरला की माणूस माणसाच्या अंगावर जातो. हे सगळे एका साखळीत आहे. यालाच आपण प्रतीत्यसमुत्पाद म्हणतो. शब्द अवघड आहे, गोष्ट अवघड नाही. आज बोअर खणणारा दोनशे फुटांवर थांबत नाही, तीनशेवर जातो, शेजारची विहीर आटते आणि दोन घरांचे बोलणे बंद होते. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण काय दिले आहे? म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहिले, हे नव्हे. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात उठलेला तंटा. म्हणजे पाण्याचा प्रश्न आपल्या धम्माच्या उंबरठ्यावरच आहे.

विनयपिटकात या विचाराचे रोजच्या वागण्याचे नियम झाले. भिक्षूला झाड तोडायला मनाई, जमीन खणायला मनाई, हिरव्या गवतावर आणि पाण्यात थुंकायला, घाण करायला मनाई. आपण जो वर्षावास आज पूर्ण केला, तोही यातलाच. आषाढ पौर्णिमेपासून भिक्षूंनी एका जागी का राहायचे? लोकांनी तक्रार केली होती की पावसाळ्यात पाखरेसुद्धा घरटे करून बसतात, आणि हे श्रमण हिरवे गवत तुडवत, बारीक जीव चिरडत हिंडतात. भगवंतांनी तक्रार ऐकली आणि नियम केला. तक्रार करणारे साधे लोक होते हे ध्यानात घ्या.

पण मला सर्वांत जास्त विचार करायला लावते ती पाण्याच्या गाळणीची गोष्ट. भिक्षूच्या आठ वस्तूंत तीन चीवरे, भिक्षापात्र, वस्तरा, सुई, कंबरपट्टा आणि पाणी गाळायचे फडके असते. फडके कशासाठी? पाण्यातले सूक्ष्म जीव पोटात जाऊ नयेत म्हणून. आता ऐका. दोन भिक्षू कोसल देशातून चालले होते. एकाचे वागणे बरोबर नव्हते म्हणून दुसऱ्याने त्याला टोकले. त्याने मनात अढी धरली. पुढे टोकणाऱ्याला तहान लागली. गाळणी होती ती ह्या अढी धरणाऱ्याकडे. त्याने मागितली, याने दिली नाही. जीव मारायचा नाही म्हणून त्याने पाणी न गाळता प्यायले नाही, आणि तहानेने तो मेला. ही बातमी आल्यावर भगवंतांनी न देणाऱ्याची कडक निर्भर्त्सना केली, मागणाऱ्याला गाळणी नाकारायची नाही असा नियम केला, आणि गाळणी नसेल तर चीवराच्या टोकाने पाणी गाळून प्यावे अशी मोकळीक दिली.

पाणी समोर आहे, आणि माणूस तहानेने मरतो, कारण दुसऱ्या माणसाच्या मनात अढी आहे. आपल्याला ही गोष्ट समजावून सांगायला नको. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, त्या तळ्यावर गुराढोरांना बंदी नव्हती, आपल्याला होती. म्हणून कोणी मला नुसते 'निसर्गावर प्रेम करा' म्हटले की मी विचारतो, आधी सांगा पाण्यापर्यंत सगळ्यांना जाता येते का? पाण्यातल्या किड्याची दया करणारा आणि माणसाला पाणी नाकारणारा, असा माणूस बुद्धाच्या विनयात बसत नाही.

कूटदन्त सुत्तातही हेच आहे. कूटदन्त ब्राह्मण सातशे बैल, सातशे गोऱ्हे, सातशे कालवडी, शिवाय बोकड आणि मेंढे यज्ञात मारायला निघाला होता. भगवंतांनी त्याला एका जुन्या राजाच्या यज्ञाची कथा सांगितली. त्या यज्ञात पशू मारले नाहीत, खांबांसाठी झाडे तोडली नाहीत, अंथरायला गवत कापले नाही, आणि नोकरांना छडीचा धाक दाखवून रडतरडत कामाला जुंपले नाही. बैल, झाड, गवत आणि मजूर एका ओळीत! आणि यज्ञाआधी काय करायचे? शेतकऱ्याला बी-बियाणे, व्यापाऱ्याला भांडवल, चाकराला पगार.

इथे कोणीतरी हळूच विचारील, "मग रविवारी मटण आणायचं की नाही?" त्यावर बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथात लिहिले आहे; मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यात बुद्धाने फरक केला, आणि अहिंसा हे तत्त्व म्हणून दिले, आंधळा नियम म्हणून नव्हे. ज्याने त्याने तो भाग घरी वाचावा. महिला मंडळासाठी मात्र एक गोष्ट राहिली. कौशाम्बीच्या उदेन राजाच्या राण्यांनी आनंदांना पाचशे चीवरे दान दिली. राजा चिडला, एवढ्यांचे हा करणार काय, दुकान घालणार? आनंद म्हणाले, ज्यांची फाटली त्यांना वाटू. फाटलेल्यांचे काय? अंथरुणावरच्या चादरी. चादरी विरल्या की? गादीचे अभ्रे. मग सतरंज्या, मग पायपुसणी, मग फडकी. आणि फडकीही गेली की? त्यांचे तुकडे मातीत कालवून जमीन सारवू. जुन्या लुगड्यांची वाकळ शिवणाऱ्या बायकांना यात नवीन काहीच नाही. आज आपण दरवर्षी नवे घेतो आणि जुने नाल्यात टाकतो, हे मात्र नवीन आहे.

सम्राट अशोकाचे नाव घेतल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. आपल्या मुंबईजवळच्या सोपाऱ्याला १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. त्या आठव्या लेखात काय आहे? पूर्वीचे राजे करमणुकीच्या यात्रा काढीत, त्यात शिकार असे. मी मात्र राज्याभिषेकानंतर दहा वर्षांनी संबोधीला, म्हणजे बोधगयेला गेलो आणि धम्मयात्रा सुरू केली, असे राजा सांगतो. शिकार सुटली आणि पाय पिंपळाकडे वळले. त्याने माणसांसाठी आणि जनावरांसाठी औषधी वनस्पती लावल्या, रस्त्यावर वड लावले, विहिरी खणल्या. राज्याभिषेकानंतर सव्वीस वर्षांनी कोरलेल्या स्तंभलेखात पोपट, मैना, वटवाघळे, कासवे, साळिंदर अशा कितीतरी प्राण्यांना अभय दिले आहे. दूध पाजणारी शेळी-मेंढी मारू नये, जीव असलेला भुसा जाळू नये, विनाकारण रान पेटवू नये, असे त्यात आहे. मात्र सत्य सांगायचे तर पूर्ण सांगावे. त्याच्या मुदपाकखान्यात काही काळ दोन मोर आणि एक हरिण मारले जात होते, हे त्याने स्वतःच पहिल्या लेखात लिहिले आहे. आणि तेराव्या लेखात रानात राहणाऱ्या लोकांना त्याने दंडाची ताकीद दिली आहे. हा भाग आपण सहसा वाचत नाही, वाचायला हवा. रान वाचवायचे आणि रानातल्या माणसाला दम द्यायचा, हा पेच तेव्हाही सुटला नव्हता.

कान्हेरीला सहल नेली होती तेव्हा मुलांनी लेण्यांजवळ खडकात खोदलेली पाण्याची टाकी पाहिली. तिथल्या शिलालेखांत त्यांना 'पोढी' म्हटले आहे. डोंगरावर पडलेला पाऊस खोदलेल्या पन्हळींतून पोढीत उतरतो. दान देणाऱ्यांनी लेण्याबरोबर पोढीही दान दिली, तसे कोरून ठेवले. डोंगराची पूजा नाही, डोंगर फोडून सपाटही केला नाही. राहण्यापुरता कोरला आणि त्याचे पाणी जपले.

आता आजी, तुमचे उरलेले अर्धे उत्तर. संबोधी झाल्यावर भगवंतांनी आठवडाभर त्या बोधिवृक्षाकडे डोळ्यांची पापणी न हलवता पाहिले, अशी परंपरा सांगते. त्यांनी झाडाकडे काही मागितले नाही. मागायचे काही उरलेच नव्हते. ज्याने सावली दिली त्याची आठवण ठेवली. दोरा गुंडाळणाऱ्या बाईचा मला राग नाही, ती नवऱ्याच्या आयुष्यासाठी मागते, भीतीपोटी मागते. तुमची सून काही मागत असेल तर फरक काही नाही, दोघी सारख्याच. ती काही न मागता पाणी घालत असेल तर तिला घालू द्या. वैशाखातसुद्धा घालते का, तेवढे बघा.

आणि समितीला माझे म्हणणे. झाड काढायला १९७५ च्या कायद्याप्रमाणे परवानगी लागते, ती कदाचित मिळेलही. पण मी काल संध्याकाळी पाराची फरशी नीट बघितली. बुंध्याला चिकटून चारी बाजूंनी सिमेंट केले आहे. ते आपणच केले, रंगरंगोटीच्या वेळी, शोभेसाठी. मुळांना पाणी आणि हवा मिळायला जागाच ठेवली नाही, म्हणून फरशी उचलली गेली. बुंध्याभोवती दोन-अडीच हात सिमेंट फोडून आळे मोकळे करावे, तडा गेलेल्या भिंतीला टेकू द्यावा आणि मंडप मागच्या बाजूने वाढवावा. गवंडी आपल्यातलेच आहेत. सिमेंट फोडायच्या दिवशी मला सकाळी बोलवा, घमेले मी उचलीन.